'कॅसलव्हेनिया' : एका गॉथिक व्हिडिओ गेमच्या ओढीचे स्वरूप

प्रस्तावना :

व्हिडिओ गेमचा विषय महाविद्यालयीन वर्तुळात निघाला की चर्चा बहुधा 'व्यसन' या एका शब्दापाशी येऊन थांबते. विद्यार्थी रात्र रात्र खेळत बसतात, अभ्यासाकडे दुर्लक्ष होते, पालक तक्रार घेऊन येतात आणि या साऱ्याचे कारण म्हणून हा एकच शब्द पुरेसा मानला जातो. हा शब्द जितक्या सहजपणे वापरला जातो तितके त्याचे विश्लेषण मात्र होत नाही. एखादा खेळ माणसाला नेमका कशामुळे धरून ठेवतो, ही धरून ठेवण्याची यंत्रणा खेळाच्या रचनेत कोठे असते आणि अशी प्रत्येक ओढ व्यसनच असते काय, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार 'कॅसलव्हेनिया' या जपानी खेळमालिकेच्या आधारे केला आहे. कोनामी या कंपनीने १९८६ साली सुरू केलेली ही मालिका निवडण्यामागे दोन कारणे आहेत. ओढ निर्माण करणारे घटक या खेळात सुटे सुटे करून पाहता येतात, हे पहिले कारण. दुसरे असे की, याच मालिकेतील किल्ला आणि पात्रे पुढे जुगाराच्या यंत्रावर आणि मोबाइलवरील विक्रीप्रधान खेळातही आली. त्यामुळे एकच आशय निरनिराळ्या यंत्रणांत घातल्यावर काय होते, हे तपासण्याची दुर्मीळ संधी येथे मिळते.

'व्यसन' या शब्दाविषयी :

संस्कृतात 'व्यसन' या शब्दाला संकट आणि आसक्ती असे दोन्ही अर्थ आहेत. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'च्या आठव्या अधिकरणात राजाच्या व्यसनांचा विचार आला असून कामातून उद्भवणारी व्यसने म्हणून मृगया, द्यूत, स्त्री आणि मद्यपान अशी चार सांगितली आहेत. कौटिल्य तेवढ्यावर थांबत नाही. मृगया आणि द्यूत यांपैकी अधिक घातक कोणते, असा वाद तो मांडतो. मृगया अधिक वाईट, हे पूर्वाचार्यांचे मत त्याला मान्य नाही. शिकारीत निदान व्यायाम घडतो, स्थिर आणि चल लक्ष्यावर नेम धरण्याचा सराव होतो, चवताळलेल्या प्राण्याच्या वृत्तीची जाण येते, असे त्याचे म्हणणे आहे. द्यूताच्या बाबतीत मात्र तो नल आणि युधिष्ठिर यांची आठवण करून देतो.

हा भेद सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा असला तरी आजच्या चर्चेत तो हरवलेला दिसतो. दोन्ही गोष्टी माणसाला जखडतात, दोन्हींत वेळ जातो. पण एकीत खेळणाऱ्याच्या अंगी काही साठत जाते आणि दुसरीत साठत नाही. मराठीनेही हा भेद आपल्या परीने जपला आहे. 'त्यांना वाचनाचे व्यसन आहे' हे वाक्य आपण कौतुकाने उच्चारतो, 'पत्त्यांचे व्यसन' मात्र खालच्या आवाजात. 'कॅसलव्हेनिया'चा नायक हा शब्दशः शिकारी आहे, हा योगायोग येथे उपयोगी पडतो.

खेळाचे स्वरूप :

'आकुमाजो द्राक्युरा' म्हणजे 'दैत्यदुर्गातील ड्रॅक्युला' या नावाने हा खेळ २६ सप्टेंबर १९८६ रोजी जपानमध्ये निन्तेन्दोच्या फॅमिकॉम डिस्क सिस्टिमवर प्रकाशित झाला. अमेरिकेत तो १९८७ साली 'कॅसलव्हेनिया' या नावाने कार्ट्रिजवर आला. त्याचे दिग्दर्शन हितोशी आकामात्सु यांचे होते. सायमन बेलमाँट नावाचा शिकारी हातात चाबूक घेऊन ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात शिरतो आणि १८ टप्पे पार करून सर्वांत वरच्या मनोऱ्यात त्याला गाठतो, एवढेच कथानक. प्रत्येक तीन टप्प्यांच्या शेवटी एक बलाढ्य शत्रू उभा असतो : महाकाय वटवाघूळ, मेडुसा, ममींची जोडी, फ्रँकेन्स्टाइनने घडविलेला राक्षस, साक्षात मृत्यू आणि अखेरीस स्वतः ड्रॅक्युला.

किल्ल्यातील मेणबत्त्यांवर चाबूक मारला की त्यांतून वस्तू खाली पडतात. त्यांत बदामाच्या आकाराची हृदये असतात. इतर खेळांच्या सवयीमुळे नवा खेळाडू ती प्राण वाढविणारी समजतो. प्रत्यक्षात ती खंजीर, कुऱ्हाड, क्रूस, पवित्र जल आणि स्टॉपवॉच या दुय्यम साधनांच्या वापराचे चलन असतात. प्राण वाढतो तो भाजलेल्या मांसाने, आणि ते पुष्कळदा भिंत फोडल्यावरच हाती लागते. भिंतीत मांस कोणी व का ठेवले, याचे स्पष्टीकरण खेळ देत नाही. पण एकदा ते सापडले की खेळाडू पुढची प्रत्येक भिंत संशयाने पाहू लागतो.

उडी, चाबूक आणि चूक :

या खेळाच्या ओढीचे मर्म सायमनच्या उडीत आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. १९८५ साली आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळात मारिओने झेप घेतल्यावर हवेतही त्याची दिशा काही प्रमाणात बदलता येते. चुकलेली उडी सावरता येते. सायमनला ही मुभा नाही. पाय जमिनीवरून सुटला की उडीची कमान ठरलेली असते. ती कोठे संपेल हे उडी मारण्यापूर्वीच ओळखावे लागते. चाबकाचेही तसेच. बटण दाबल्यानंतर चाबूक मागे जाऊन पुढे फेकला जाईपर्यंत एक लहानसा क्षण जातो, म्हणजे शत्रू आहे तेथे नव्हे तर तो जेथे येणार आहे तेथे प्रहार करावा लागतो. शिवाय शत्रूचा स्पर्श होताच सायमन मागे फेकला जातो आणि मागे खड्डा असेल तर शिल्लक प्राणाला काहीच अर्थ उरत नाही.

या तीन बंधनांमुळे खेळ कठीण होतो, हे उघड आहे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की तो न्याय्य वाटतो. शत्रूंच्या हालचालींना नियम आहेत. हवेत तरंगत येणारी मेडुसाची मुंडकी लाटेसारखी वरखाली होत ठरावीक वळणाने येतात. मृत्यूशी सामना होण्यापूर्वीच्या दालनात हीच मुंडकी आणि कुऱ्हाडी फेकणारे चिलखतधारी योद्धे एकाच वेळी समोर येतात. मालिकेच्या चाहत्यांत कुप्रसिद्ध असलेला हा तुकडा असंख्य वेळा मरूनच पार करावा लागतो. तरीही प्रत्येक मरणानंतर खेळाडूला आपण नेमके कोठे चुकलो हे सांगता येते : उडी अर्धा क्षण लवकर झाली, चाबूक उशिरा निघाला, पवित्र जल अगोदरच संपविले. पराभवाचे कारण स्वतःच्या निर्णयात सापडते. जे कारण स्वतःत सापडते ते दुरुस्त करता येईल असे वाटते, आणि 'आणखी एकदा' ही इच्छा नेमकी येथे जन्म घेते.

डॅनिश अभ्यासक येस्पर यूल यांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या विरोधाभासाकडे लक्ष वेधले आहे. माणूस सामान्यतः अपयश टाळतो. पण ज्यात अपयश हमखास येणार असे खेळ तो आपणहून निवडतो. अपयशाने निर्माण झालेली उणिवेची जाणीव त्याच खेळात भरून काढण्याची संधी मिळते, हे त्यामागचे एक कारण होय. मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी आव्हान आणि कौशल्य यांच्या समतोलातून येणाऱ्या तल्लीनतेचे जे वर्णन केले आहे, तेही येथे लागू पडते. मात्र 'कॅसलव्हेनिया'त हा समतोल खेळ स्वतःहून सांभाळत नाही. उलट पुढच्या टप्प्यांत शत्रूचा एकेक आघात अधिक प्राण खातो. आरंभी आठ आघात सोसणारा सायमन अखेरच्या टप्प्यांत चार आघातांत कोसळतो. वाढावे लागते ते खेळाडूलाच.

अपयशाची किंमत किती ठेवायची, हेही या खेळात फार विचाराने ठरविलेले दिसते. एक प्राण गेला तर टप्प्याच्या आरंभी परतावे लागते. सर्व प्राण संपले तर तीन टप्प्यांच्या गटाच्या आरंभी. पुन्हा सुरू करण्यावर मर्यादा नाही. किंमत इतकी मोठी नाही की माणूस कंट्रोलर खाली ठेवील, आणि इतकी लहानही नाही की मरणाची पर्वा वाटू नये. परतताना पूर्वी अशक्य वाटलेला भाग आता सहज पार होतो. आपली प्रगती खेळाडूला आकड्यांत दिसत नाही, ती त्याला बोटांत जाणवते.

गॉथिक परंपरा आणि पुनरावृत्ती :

या खेळाचे वातावरण केवळ सजावट आहे काय? होरेस वॉल्पोलच्या १७६४ सालच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' या कादंबरीपासून गॉथिक साहित्यात किल्ला ही केवळ घटनास्थळाची जागा राहिली नाही. तो एक पात्रच झाला. गुप्त दारे, भुयारे, पूर्वजांची पापे आणि न मरणारा भूतकाळ ही त्याची सामग्री. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला'ने त्यात पुन्हा पुन्हा उठणाऱ्या मृताची भर घातली. व्हिडिओ गेमला जे तंत्र म्हणून हवे असते, म्हणजे मरणे, परत येणे, त्याच जागी पुन्हा जाणे, ते गॉथिक कथेत आशय म्हणून आधीपासूनच होते. या मालिकेत ड्रॅक्युला दर शंभर वर्षांनी उठतो आणि बेलमाँट घराण्यातील कोणीतरी त्याला पुन्हा मारतो. खेळाडूही मरतो आणि उठतो. येथे पुनरावृत्ती कृत्रिम वाटत नाही, याचे श्रेय या परंपरेला द्यावे लागेल.

अर्थात ही परंपरा जपानपर्यंत पोहोचली ती प्रामुख्याने चित्रपटांतून, आणि निर्मात्यांनी ते लपविलेले नाही. पहिल्या खेळाच्या शीर्षकपटलाच्या कडांना चित्रपटाच्या फितीसारखी छिद्रे आहेत. शेवटी झळकणारी श्रेयनामावली तर निव्वळ थट्टा आहे. तेथे ड्रॅक्युलाची भूमिका 'ख्रिस्तोफर बी' यांनी केल्याचे लिहिले आहे, फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाची 'बोरिस कार्लोफिस' यांनी, तर संगीत 'जेम्स बनाना' यांचे. ख्रिस्तोफर ली, बोरिस कार्लोफ आणि १९५८ सालच्या हॅमर चित्रपट संस्थेच्या 'ड्रॅक्युला'चे संगीतकार जेम्स बर्नार्ड यांच्या नावांवरील या कोट्या आहेत. खरे संगीत किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा यांचे होते. कार्ट्रिजवरील आवृत्तीत ते यंत्राच्या अवघ्या पाच ध्वनिवाहिन्यांवर बसविलेले आहे. प्रत्येक धून फिरून फिरून वाजते आणि तरी कंटाळा आणीत नाही. ज्या टप्प्यावर पन्नास वेळा मरायचे तेथे ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

'सिंफनी ऑफ द नाइट' : ओढीचे दुसरे रूप

२० मार्च १९९७ रोजी जपानमध्ये प्लेस्टेशनवर आलेल्या 'सिंफनी ऑफ द नाइट'ने मालिकेची रचना बदलली. दिग्दर्शक तोरू हागिहारा होते, सहायक दिग्दर्शक कोजी इगाराशी. संगीत मिचिरू यामाने यांचे आणि पात्रांची चित्रे आयामी कोजिमा यांची. नायक आहे ड्रॅक्युलाचा मुलगा अल्युकार्ड. हे नाव म्हणजे बापाच्या नावाची अक्षरे उलट क्रमाने. येथे टप्पे नाहीत. संपूर्ण किल्ला एकसंध असून नकाशावर चौकोन चौकोन करून तो उघडत जातो. आरंभी अल्युकार्ड उत्तम शस्त्रांनिशी आत शिरतो आणि थोड्याच वेळात मृत्यू त्याच्याकडून ती सारी काढून घेतो. आपण काय होतो हे एकदा दाखवून मग ते हिरावून घेण्याची ही युक्ती प्रभावी आहे.

पुढे दुहेरी उडी, लांडग्याचे, वटवाघळाचे आणि धुक्याचे रूप अशा शक्ती एकेक करून मिळतात. प्रत्येक शक्ती नवी दारे उघडते आणि ती दारे खेळाडूने पूर्वीच पाहून ठेवलेली असतात. धुके होता येत नव्हते तेव्हा अडविणारी जाळी मनात राहून गेलेली असते. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली मांडले की अपुरी राहिलेली कामे पुरी झालेल्या कामांपेक्षा अधिक स्मरणात राहतात. नंतरच्या प्रयोगांत या निष्कर्षाला एकसारखा दुजोरा मिळालेला नाही, हे खरे. तथापि अर्धवट रंगलेला नकाशा खेळाडूला पुन्हा किल्ल्यात खेचतो, हे कोणीही खेळून पाहावे. त्यात किल्ल्याच्या व्याप्तीची टक्केवारीही दिसत राहते. एखादा विशिष्ट चश्मा घालून रिश्टर बेलमाँटशी लढल्यास त्याला वश करणारी शक्ती दिसते आणि तिला मारल्यावर आकाशात तोच किल्ला संपूर्ण उलटा प्रकट होतो. हे ज्याला कळले नाही त्याचा खेळ तेथेच संपतो. उलट्या किल्ल्यासह ही टक्केवारी जास्तीत जास्त २००.६ पर्यंत जाते.

येथे आणखी एक घटक प्रवेश करतो आणि तो तितका निरुपद्रवी नाही. मारलेल्या शत्रूकडून कधीतरी एखादी दुर्मीळ वस्तू मिळते. 'क्रिसेग्रिम' नावाची विलक्षण तलवार उलट्या किल्ल्यातील ग्रंथालयात एका क्षुल्लक शत्रूकडून फार क्वचित पडते. ती मिळावी म्हणून खेळाडू त्याच दालनात पुन्हा पुन्हा ये-जा करतात. चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांनी १९५७ सालच्या ग्रंथात प्रबलनाच्या वेळापत्रकांचा जो अभ्यास मांडला, त्यानुसार किती प्रयत्नांनंतर बक्षीस मिळेल हे अनिश्चित असले की वर्तन सर्वांत वेगाने आणि चिवटपणे चालू राहते. स्लॉट यंत्राचे तत्त्व हेच. म्हणजे पहिल्या खेळातील ओढ मृगयेची होती, तर या खेळात तिच्या शेजारी द्यूत येऊन बसले. मात्र डाव खेळाडूच्या वेळेचा होता, पैशाचा नव्हे. आणि त्या तलवारीवाचूनही खेळ पुरा करता येत होता.

निदानाचा प्रश्न :

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश आहे. त्याची लक्षणे तीन : खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळत जाणे आणि दुष्परिणाम दिसत असूनही खेळणे चालू राहणे. त्यामुळे कौटुंबिक, सामाजिक, शैक्षणिक वा व्यावसायिक जीवनात ठळक बिघाड झालेला असावा आणि हे सर्वसाधारणपणे १२ महिने दिसून यावे, अशीही अट आहे. किती तास खेळले, ही अट नाही. परीक्षेनंतरच्या सुटीत आठवडाभर रात्रंदिवस किल्ला पालथा घालणारा विद्यार्थी या व्याख्येत बसत नाही. रोज तासभरच खेळणारा, पण त्या तासासाठी शुल्काचे पैसे मोडणारा विद्यार्थी मात्र अधिक काळजीने पाहावा लागतो. वसतिगृहाच्या तक्रारवहीत हे दोघे एकाच रकान्यात येतात.

तोच किल्ला, निराळे यंत्र :

२००९ साली जपानमध्ये याच मालिकेवर आधारित 'पाचिस्लॉट' यंत्र आले आणि पुढे त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पाचिस्लॉट हे जपानी जुगारघरांतील स्लॉट यंत्र. त्यात फिरणारी चक्रे थांबविण्यासाठी बटणे असतात, त्यामुळे कौशल्याचा भास होतो. परंतु निकाल मुख्यतः लिव्हर दाबतानाच यंत्राच्या आतील सोडतीने ठरलेला असतो. चाबूक, चिलखते, वटवाघळे, संगीत, ड्रॅक्युला हे सारे तेथे आहे. नाही ती फक्त सायमनची उडी. हरलेला माणूस आपण कोठे चुकलो हे सांगू शकत नाही, कारण तो कोठेच चुकलेला नसतो. तरीही तो पुन्हा नाणी घालतो. गॉथिक वातावरण या दोन्ही ठिकाणी सारखेच मोहक आहे, यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : ओढीचे स्वरूप आशयावरून ओळखता येत नाही. भुते आणि रक्त पाहून खेळाला दोष देणाऱ्यांची, आणि सुंदर संगीत व चित्रे दाखवून त्याची पाठराखण करणाऱ्यांचीही, येथे सारखीच फसगत होते.

मालिकेच्या जुन्या चाहत्यांना काय हवे होते, हे २०१५ साली दिसून आले. कोनामी सोडलेल्या इगाराशी यांनी त्याच धर्तीच्या 'ब्लडस्टेन्ड' या नव्या खेळासाठी लोकवर्गणीचे आवाहन केले आणि किकस्टार्टरवर ५५ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. वर्गणीदारांनी खेळ तयार होण्यापूर्वी एकदाच पैसे दिले, आणि २०१९ साली तो खेळ त्यांच्या हाती आला.

त्याच २०१९ साली कोनामीचा 'ग्रिमॉयर ऑफ सोल्स' हा मोबाइल खेळ मर्यादित स्वरूपात सुरू झाला. डाउनलोड फुकट, शस्त्रे मात्र सोडतीने मिळत आणि त्या सोडतीसाठी पैसे भरता येत. 'क्रिसेग्रिम'साठी दालनात मारलेल्या फेऱ्यांना आता दर लागला होता. हा खेळ वर्षभरातच, २०२० साली बंद करण्यात आला. सप्टेंबर २०२१ मध्ये तो ॲपल आर्केड या वर्गणीच्या सेवेवर परत आला तेव्हा खेळाच्या आतील खरेदी काढून टाकलेली होती.